माझ्या चिठ्ठीवर उतरवलेला विमा

ती घटना आठवली की आजही माझे कान गरम होतात, कारण त्या गुन्ह्यातला पहिला कागदी पुरावा माझ्याच हस्ताक्षरात होता.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. गारगोटीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. ठाण्याचं नाव सांगत नाही, माणसांचीही नावं सांगणार नाही. त्यांतले बरेच जण अजून मला बाजारात भेटतात. ठाणं म्हणजे तीन कौलारू खोल्या, पुढे अंगण, अंगणात धक्का दिल्याशिवाय सुरू न होणारी जीप आणि भिंतीला भिंत लागून जनावरांचा सरकारी दवाखाना. भांडण झालं तर बांधावरून, चोरी झाली तर विहिरीवरच्या मोटारीच्या केबलची. अशा ठाण्यात फौजदाराला आपण फार हुशार आहोत असं वाटायला लागतं. मला तसं वाटत होतं.

एके दिवशी सकाळची हजेरी आटोपून मी टेबलाशी बसलो होतो. चाळिशीच्या एक बाई आत आल्या. "जयभीम, सायेब," म्हणाल्या आणि पदराखालचा स्टीलचा डबा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवून उघडला. आत मीठ होतं. मिठात एक काळा, केसाळ कान होता आणि त्या कानात पितळेचा बिल्ला.

मी खुर्चीसकट मागे सरकलो. पोलिसी आवाज काढून विचारलं, "हा कान कुणाचा?"

"म्हशीचा. माझं दोन्ही जागच्या जागी हायत की."

हवालदार दारात उभे होते, ते भिंतीकडे तोंड करून हसले.

बाईंनी सांगितलं ते असं. घरची दोन एकर शेती, नवरा कामाला लांब, गोठ्यात दोन म्हशी. चार महिन्यांमागे एक विमा एजंट वाडीत आला. हप्ता अगदी परवडणारा. त्याने म्हशींच्या कानांत बिल्ले मारले, छापील पावत्या दिल्या आणि सांगून गेला, की जनावर दगावलं तर बिल्ल्यासकट कान कापायचा, मिठात घालायचा आणि पावतीवरच्या कोल्हापूरच्या पत्त्यावर आणून द्यायचा. हे शेवटचं त्याने पदरचं सांगितलं नव्हतं. खऱ्या विम्यातही बिल्ला दाखवल्याशिवाय भरपाई मिळत नसे आणि लोक कान असेच मिठात घालून नेत. मागच्या आठवड्यात दुभती म्हैस कुरणात पान लागून, म्हणजे साप चावून मेली. बाईंनी रडत रडत कान कापला आणि पहिल्या एस्टीने कोल्हापूर गाठलं.

"मग?"

"मग काय? त्या पत्त्यावर पिठाची गिरण हाय. गिरणवाला म्हणला, बाई, ह्या महिन्यातला ह्यो तिसरा कान. मला दळण आणा, कान आणू नगा."

मी डब्याचं झाकण लावलं आणि आमच्या खात्यातलं सगळ्यात सोयीचं वाक्य बोललो. रक्त नाही, मारामारी नाही, की आम्ही हेच म्हणायचो. "मावशी, हे दिवाणी प्रकरण आहे. एखादा वकील गाठा."

"मी न्हाय जात. हितंच बसतो." आणि त्या खरोखरच बाकावर बसल्या. "सायेब, आमचं घर दुधावर चालतंय. एक म्हस गेली. दुसरी गाभण हाय, दोन महिन्यांनी व्यायची. तिला काय झालं तर आमी संपलो. मला दोन गोष्टी पायजेत. त्यो चोर पायजे आन् माझ्या ऱ्हायलेल्या म्हशीला खरा इमा पायजे, परवडंल असा. दोनीतली एक जरी न्हाय मिळाली तरी मी उठायची न्हाय."

"विमा काढून देणं पोलिसांचं काम नाही, मावशी."

"बरं. मग चोर धरा. आन् त्याच्याबी आधी ह्या फौजदाराला धरा. त्यो माणूस सोंगाडी असंल, पर ह्ये पत्र खऱ्या फौजदाराचं हाय. गोल शिक्का हाय त्यावर. ह्ये बघूनच साऱ्या वाडीनं बिल्लं मारून घेतलं."

त्यांनी घडी घातलेला एक झेरॉक्स कागद पुढे केला. मी वाचला. 'तीर्थरूप आबांस शिरसाष्टांग नमस्कार. सोबतचे गृहस्थ चांगले आहेत. माझी खात्री आहे. म्हशींचा विमा उतरवून घ्यावा. हप्ता परवडण्यासारखा आहे.' खाली सही. सहीवर ठाण्याचा गोल शिक्का, शाई जरा जास्तच लागलेला.

हवालदार माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. "सायेब, सही वळखीची वाटतीया."

आता मागचं सांगायला हवं. आमची वडिलार्जित शेती नृसिंहवाडीजवळ, नदीकाठाला. आबांच्या दावणीला चार म्हशी. दर महिन्याला त्यांचं एकच टुमणं असायचं, "पोरगा फौजदार हाय आन् म्हशी देवाच्या भरवशावर." मी विम्याची चौकशी केली होती. एकेका घराच्या दोनचार जनावरांसाठी कुणी एवढं लांब यायला तयार नव्हतं. यायचं कबूल केलं तर डॉक्टरचा दाखला आणा, किमतीचा दाखला आणा, आणि हप्ता ऐकून आबांनी मला शिव्या घातल्या असत्या. अशात एक दिवस एक गृहस्थ ठाण्यात आले. चष्मा, हातात ब्रीफकेस, म्हशीचं रंगीत चित्र छापलेले फॉर्म. हप्ता निम्म्याहून कमी. सायकल चोरणाऱ्याला आजोबाचं नाव विचारणारा मी, पण त्याच्याकडे ओळखपत्र मागितलं नाही. उलट चहा पाजला आणि आबांना चिठ्ठी लिहून दिली. तो नम्रपणे म्हणाला, "साहेब, शिक्का असला तर वडिलांना बरं वाटेल." मी शिक्का मारला. त्याला बरं वाटलं असणारच.

बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मग टेबलावरच्या नावाच्या पाटीकडे. मग परत कागदाकडे.

"म्हंजे त्यो फौजदार तुमीच व्हय?"

"होय, मावशी."

त्यांनी कागद माझ्या हातातून काढून घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाल्या, "मग आता ह्ये दिवाणी हाय का फौजदारी?"

मी ठाणे अंमलदाराला फिर्याद लिहून घ्यायला सांगितलं. फसवणूक, बनावट दस्तऐवज, सगळी कलमं लावली. कान, बिल्ला, पावती आणि चिठ्ठीची झेरॉक्स पंचांसमक्ष जप्त केली. मुद्देमाल कारकुनाने लेबल लावताना विचारलं, "सायेब, चिठ्ठीच्या वर्णनात काय लिहू?" मी म्हणालो, "जे आहे ते लिही."

मग वरिष्ठांना फोन केला. लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"शिक्कासुद्धा मारलास?"

"होय, सर."

"तपास तूच कर. तुझा जबाब मात्र मी घेणार. आणि चोर नाही सापडला, तर त्या चिठ्ठीची खात्यांतर्गत चौकशी लागेल, हे लक्षात ठेव."

मी लक्षात ठेवलं. त्या दिवसापासून मी आणि हवालदार जीपला धक्के मारत वाड्या-वस्त्या पालथ्या घालू लागलो. जिथे जाऊ तिथे बिल्ले, आणि जिथे बिल्ले तिथे माझी चिठ्ठी. एका घरात तर ती फ्रेम करून दत्ताच्या फोटोशेजारी लावली होती. घरधनी म्हणाला, "या पावणं, बसा. हे बघा, आमच्या फौजदारांचं पत्र." हवालदारांनी त्याला मी कोण हे सांगितल्यावर त्याने फ्रेम काढून उलटी ठेवली.

एजंटाचा चेहरा मात्र कुणाला सांगता येईना. "चष्मा हुता." "ब्याग हुती." बस. लोकांना काय दोष देऊ? तो माझ्यासमोर अर्धा तास बसला होता आणि मलाही तेवढंच आठवत होतं. मी त्याच्या छापील कागदांकडे बघत होतो, त्याच्याकडे नाही. एक गोष्ट मात्र सगळे सांगायचे: बिल्ला मारण्याआधी तो म्हशीच्या नाकपुड्यांत दोन बोटं घालायचा, तिच्या कानात हळूच फुंकर मारायचा आणि मारकुटी म्हैससुद्धा दगडासारखी उभी राहायची.

तीन आठवडे गेले. सगळे खबरी लावले, बाजारातले, स्टँडवरचे. पत्ता लागेना. बाई दर बाजारच्या दिवशी येऊन बाकावर बसत आणि एकच विचारत, "कुठवर आलं?"

खबर शेवटी मिळाली ती भिंतीपलीकडून. जनावरांच्या दवाखान्यातले म्हातारे ड्रेसर एकदा चहाच्या वेळी दारात येऊन उभे राहिले.

"सायेब, ते फुंकर मारायचं खरं हाय व्हय?"

"तुम्हांला कसं माहीत?"

"साऱ्या गावाला म्हाईत हाय. तुमी डोंगर पालथं घालतासा आन् मी हितं भिंतीपल्याड बसतोय. मला कुणी इचारलंच न्हाय. असा फुंकर मारणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच बघितलाय. दवाखान्यात माझ्या हाताखाली शिपाई हुता. गैरहजेरीपायी काढून टाकला. आता कबनूरला मेव्हण्याच्या यंत्रमागावर काम करतोय, असं ऐकलंय."

मी त्यांना खुर्ची दिली. तीन आठवड्यांपूर्वी द्यायला हवी होती.

कबनूरला आम्ही साध्या कपड्यांत गेलो. यंत्रमागांच्या त्या खडखडाटात स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. बनियन घातलेला, सगळ्या अंगावर कापसाचा भुगा उडालेला एक माणूस मागाशी उभा होता. मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, अमुक अमुक कुठे आहे? त्याने अदबीने रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीकडे बोट दाखवलं. मी त्याचे आभार मानले आणि टपरीवर गेलो. तिथे कुणी नव्हतं. परत आलो तर तो मागच्या दारात हवालदारांच्या हातात होता.

"ह्योच त्यो, सायेब. तुमी पुढनं गेलासा म्हणून मी मागनं थांबलो."

म्हणजे मी त्याला दुसऱ्यांदा समोरासमोर बघितलं आणि दुसऱ्यांदा ओळखलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टात हजर करून तीन दिवसांची पोलीस कोठडी घेतली. माणूस थंड होता. "साहेब, तुमची चूक होतेय," एवढंच म्हणायचा. विमा माहीत नाही, बिल्ले माहीत नाहीत. घरझडतीत काही सापडलं नाही. "आणि म्हशीचं म्हणाल, तर मला म्हशीची फार भीती वाटते. लहानपणी उडवलं होतं एकीनं." मी जुनी युक्ती केली. कोऱ्या कागदांची जाडजूड फाइल बांधून त्याच्यासमोर आपटली, तुझ्याविरुद्ध एवढे जबाब आहेत म्हणालो. तो फाइलकडे बघून म्हणाला, "साहेब, चहा सांडलाय तिथं. कागद कोरे आहेत, दिसतंय."

तिसऱ्या दिवशी, कोठडीच्या शेवटच्या दिवशी, बाईंच्या गाभण म्हशीच्या कानातला बिल्ला डॉक्टरांच्या हस्ते काढून त्याचा पंचनामा करायचा होता. बाई पहाटेपासून म्हशीला सावकाश चालवत घेऊन आल्या होत्या. अंगणात जागा करावी म्हणून मी ड्रायव्हरला जीप हलवायला सांगितली. माझा हा हुकूम त्या केसमधला माझा सर्वांत मोठा मूर्खपणा. दोघा शिपायांनी धक्का मारला, इंजिन घरघरलं आणि सायलेन्सरमधून बार उडाल्यासारखा आवाज झाला.

म्हैस उधळली. बाईंच्या हातातला कासरा सुटला. पंचांपैकी एक पडला, दुसरा दवाखान्याच्या खिडकीत चढला. शिपाई व्हरांड्यात, आणि मी, लिहायला लाज वाटते, बाकावर उभा. ठाण्याच्या मागे संडासाच्या टाकीसाठी आठ फुटी खड्डा खणलेला होता आणि म्हैस सरळ तिकडेच निघाली होती. बाई मागून ओरडत धावत होत्या, "धरा कुणीतरी! पोटात हाय तिच्या!"

व्हरांड्यात आरोपी शिपायाशेजारी चहा पीत बसला होता. कप टाकून तो उठला. शिपायाला वाटलं पळतोय, पण तो पळाला ते म्हशीच्या आडवा. खड्ड्यापासून चारपाच हातांवर त्याने तिला गाठलं, दोन बोटं नाकपुड्यांत घातली, तिची मान आपल्या खांद्यावर घेतली आणि कानात फुंकर मारली. "हां बाय. हां हां. गप. गप, माझी बाय." म्हैस थरथरत उभी राहिली.

बाई धापा टाकत जवळ गेल्या. म्हशीच्या पोटावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. मग त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "ह्योच त्यो."

त्याने बोटं काढली नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाला, "गाभण हाय, सायेब. खड्ड्यात गेली असती तर दोन जीव गेलं असतं." त्याची शहरी भाषा कुठल्या कुठे गेली होती.

बाई म्हणाल्या, "ही वाचवलीस. मग पहिली मेली तवा तुझ्या हापिसात कान घेऊन गेलतो मी, तवा कुठं हुतास रं? माझ्या हातानं कापला मी त्यो. तू सांगितलास म्हणून." मग त्या पुटपुटल्या, "हात किती चांगला हाय मुडद्याचा."

त्याने मान खाली घातली. मी बाकावरून उतरलो.

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही, म्हणून लगेच पंचांना गोळा केलं. एकाला खिडकीतून उतरवावं लागलं. माल काढून देतो असं आरोपीने त्यांच्यासमोर सांगितलं, त्याचा मेमोरंडम पंचनामा केला आणि त्याने दाखवलेल्या जागी, परत कबनूरला गेलो. मागाच्या शेडमध्ये, सूत गुंडाळायच्या रिकाम्या रुळांच्या, म्हणजे बिमांच्या, ढिगाखाली एक पत्र्याची पेटी: बिल्ले मारायचा चिमटा, कोऱ्या पावत्या, चष्मा, पितळी बिल्ल्यांची पिशवी. मागांवर नंबर टाकायला ज्या पट्ट्या करतात, त्याच कापून बनवलेले. आणि प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये जपून ठेवलेली माझी मूळ चिठ्ठी.

त्या संध्याकाळी तो स्वतःहून बोलला. "सायेब, मी खरा एजंट व्हायला गेलतो. शिक्षण कमी म्हणून घेतलं न्हाय. गोठ्यागोठ्यात फिरलेला माणूस मी. लोक इमा मागत्यात आन् कुणी जात न्हाय तितं. म्हटलं आपणच काढू. पहिली दोन जनावरं मेली, त्यांचं मी खिशातनं दिलं. कोरगावकडच्या दोघांना इचारा. तिसरं मेलं तवा कळलं, ह्ये आपल्याला झेपायचं न्हाय. मग तोंड लपवलं."

"मग वसुली का नाही थांबवली?"

तो उठून कोठडीच्या कोपऱ्यात जाऊन बसला. विचारून पाहिलं, पहिल्या दोघांना भरपाई खरंच मिळाली होती. म्हणूनच तर त्याचं नाव वाड्यांवाड्यांत पसरलं होतं. पण नंतरच्या हप्त्यांचाही हिशेब होताच. पुढे यथावकाश खटला चालून त्याला शिक्षा झाली. कोर्टात त्याच्या वकिलाने मला माझी चिठ्ठी मोठ्याने वाचायला लावली. 'माझी खात्री आहे' या शब्दांवर न्यायाधीशांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. आबांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तुझ्यापरास माझ्या म्हशीला माणूस जास्त कळतोय. तिनं बिल्ला मारताना लाथ घातलेली त्याला." त्या चार म्हशींपैकी एकीवर त्याची फुंकर चालली नव्हती तर.

पण ते पुढचं; पेटी सापडली तेव्हाच माझ्या दृष्टीने केस संपली होती. बाईंच्या दृष्टीने निम्मी झाली होती. पुढच्या बाजारी त्या बाकावर हजर.

"चोर झाला. इमा?"

"मावशी, सांगितलं ना, ते पोलिसांचं काम नाही."

"चिठ्ठी लिव्हणं पोलिसांचं काम हुतं व्हय?"

मग मी रजेच्या दिवशी कोल्हापूरला खऱ्या विमा कचेरीत गेलो. एकदा नाही, चार वेळा. पहिल्यांदा साहेब नव्हते, दुसऱ्यांदा फॉर्म नव्हते, तिसऱ्यांदा साहेब होते पण त्यांना माझी केस पेपरात वाचून फार हसू येत होतं. मी हसू दिलं आणि खुर्ची सोडली नाही. हे मी बाईंकडून शिकलो होतो. चौथ्यांदा मार्ग निघाला. गावच्या दूध संस्थेने सगळ्या सभासदांची जनावरं एकत्र विम्याला दिली, तर हप्ता कमी बसतो आणि त्यांचा माणूस डॉक्टरसह गावात येतो. अट एकच, बहुतेक सभासद हवेत.

दूध संस्थेच्या दारात सभा भरली. मी उभा राहून समजावलं. मागून एक आवाज आला, "सायेब, चिठ्ठी आणलीसा का?" आणि सभा हसण्यात बुडाली. नंतर गांभीर्याने सांगितलं गेलं, की जनावराच्या कानाला आता परत भोक पडणार नाही. माझी खात्री त्यांनी एकदा वापरून बघितली होती.

तेव्हा बाई उठल्या. "मला दोन बाया द्या बरुबर. मी बघून येतो."

दुसऱ्या दिवशी तिघी सकाळच्या एस्टीने कोल्हापूरला गेल्या. कचेरी शोधली. भरपाईचे अर्ज कोण घेतो, त्याला बघितलं. तो बदलून गेला तर कोण, ते विचारलं. भरपाई घ्यायला आलेला एक शेतकरी तिथे भेटला, त्याचं गाव विचारून घेतलं, त्याची म्हैस कशाने मेली तेही. तास-दीड तास बाकावर बसून बघितलं, की आलेल्या माणसांशी कसं बोलतात. परत येऊन बाईंनी सभेत सांगितलं:

"हाय. हापिस हाय. गिरण न्हाय. मी टेबलाला हात लावून आलोय. तितला माणूस उद्धट हाय, पर काम करतोय. माझी म्हस पहिली."

आठवड्यात बिल्ले बसले. मी तिथे होतो, पण कुणी मला काही विचारलं नाही आणि मीही काही लिहून दिलं नाही.

नोकरीत पुढे बरेच तपास केले. काही मोठे, पेपरात नाव आलेले. पण ज्या दिवशी नवा शिपाई माझ्या हाताखाली यायचा, त्या दिवशी मी त्याला या तीन बायकांची गोष्ट सांगायचो. त्या वाड्यांतली माणसं हावरट नव्हती. त्यांना विमा हवा होता, तो परवडायला हवा होता, आणि जो एकच माणूस गोठ्यापर्यंत चालत आला तो लबाड निघाला. खरे लोक चालत आले असते, तर लबाडाला जागाच उरली नसती. आणि त्या लबाडाच्या पुढे ज्याने शिक्का धरला, तो त्या गोठ्यापर्यंत गेलाही नव्हता.

ती म्हैस वेळेवर व्याली. मादी रेडकू झालं. बाई दर वर्षी विमा चालू ठेवत राहिल्या, आणि दर वर्षी म्हशी धडधाकट. निवृत्तीच्या आदल्या वर्षी गारगोटीच्या स्टँडवर त्या भेटल्या, हप्ता भरूनच आल्या होत्या. तोंडभर हसत म्हणाल्या,

"सायेब, ह्याबी वर्षी वाया गेला बघा इमा."